बारा वर्षे कसली म्हणून जमीन आपली होते का? प्रतिकूल ताब्याविषयी एका प्रश्नाचे उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका गावातले ३२ गुंठ्यांचे शेत १९९४ पासून प्रश्नकर्त्यांचे वडील आणि त्यांच्यानंतर स्वतः प्रश्नकर्ते कसत आहेत. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव होते ते मालक त्या वर्षी कायमचे मुंबईला गेले आणि जाताना ‘तुम्ही कसा, सुगीला काय ते पाठवा’ असे सांगून गेले. त्याप्रमाणे पहिली सात-आठ वर्षे दोन पोती भात जात असे, पुढे ते बंद झाले. २००८ साली वडिलांनी आपले नाव लागावे म्हणून तहसील कार्यालयात अर्ज केला, त्यावर मालकांनी सप्टेंबर २००८ मध्ये लेखी हरकत घेतली आणि अर्ज फेटाळला गेला. मालक आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवून ताबा मागितला आहे, आणि प्रश्न असा की बारा वर्षे केव्हाच उलटून गेली, तेव्हा जमीन आमची झाली की नाही.

१९९४ पासूनची वर्षे मोजून हे उत्तर ‘होय’ येणार नाही. सप्टेंबर २००८ पासून मोजले तर मात्र प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे, आणि तो कशावर ठरेल ते मी खाली सविस्तर सांगतो. दिवाणी न्यायालयात या विषयावरचे दावे मी दोन्ही बाजूंनी चालवले आहेत, आणि ‘बारा वर्षे वहिवाट म्हणजे मालकी’ या समजुतीपायी लोकांनी हातचे चांगले दावे घालवलेलेही पाहिले आहेत.

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू. मुदत अधिनियम, १९६३ यातील अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा परत मागण्याचा दावा बारा वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, आणि ही बारा वर्षे प्रतिवादीचा ताबा ज्या दिवशी मालकाला ‘प्रतिकूल’ झाला, म्हणजे मालकाची मालकी उघडपणे नाकारणारा झाला, त्या दिवसापासून मोजायची असतात. त्याच अधिनियमाचे कलम २७ सांगते की ही मुदत संपली की दावा करण्याचा हक्कच केवळ संपत नाही, त्या मिळकतीवरचा हक्कही संपुष्टात येतो. इतर बहुतेक बाबतींत मुदत संपली तरी मूळ हक्क राहतो, फक्त न्यायालयाचे दार बंद होते. जमिनीच्या ताब्याच्या बाबतीत मात्र मूळ मालकाचा हक्क विझतो, आणि म्हणून ताबेदार मालक होतो. बारा वर्षे कसल्याबद्दल जमीन बहाल करणारे स्वतंत्र कलम कोठेही नाही. सगळा भार ‘प्रतिकूल’ या एका शब्दावर आहे.

१९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात अनुच्छेद १४२ होता. त्याखाली ताबा गमावलेल्या मालकालाच दाखवावे लागे की गेल्या बारा वर्षांत कधीतरी जमीन आपल्या ताब्यात होती. गावोगावी आजही जी समजूत ऐकू येते ती बहुधा त्या काळातून आलेली आहे. १ जानेवारी १९६४ पासून नवा कायदा लागू झाला आणि चित्र उलटले. आता मालकाने फक्त आपली मालकी शाबीत करायची, आणि आपला ताबा प्रतिकूल होता, तो अमुक तारखेपासून होता आणि बारा वर्षे अखंड होता, हे सर्व सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदाराची. कर्नाटक वक्फ मंडळ विरुद्ध भारत सरकार या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा ताबा सांगणाऱ्याने काय दाखवले पाहिजे ते स्पष्ट केले आहे: ताबा कोणत्या तारखेला घेतला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, मालकाला तो माहीत होता का, तो किती काळ टिकला, आणि तो उघड व विनाअडथळा होता का. यांतील पहिल्याच प्रश्नाला, म्हणजे तारखेला, बहुतेक कैफियतींत, म्हणजे प्रतिवादीने न्यायालयात दिलेल्या लेखी जबाबांत, उत्तर नसते. ‘वाडवडिलांपासून’, ‘पूर्वापार’, ‘समजत्या वयापासून’ असे शब्द असतात, आणि अशा शब्दांपासून बारा वर्षे मोजता येत नाहीत.

आता आपल्या प्रकरणाचा पहिला दिवस पाहा. मालकाने स्वतः सांगितले की तुम्ही कसा. जो ताबा मालकाच्या परवानगीने सुरू झाला तो परवानगीचाच राहतो, मग त्याला तीस वर्षे होवोत की पन्नास. राखणदार, गडी, घराची देखभाल करणारा नातेवाईक, वाट्याने किंवा अर्धेलीने कसणारा शेजारी, हे सगळे मालकाच्या वतीने ताब्यात असतात. गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निःसंदिग्धपणे सांगितले की देखभाल करणाऱ्याला किंवा नोकराला त्या ताब्यातून कितीही वर्षांनी मालमत्तेत हितसंबंध मिळत नाही. तुमच्या वडिलांनी पाठवलेली दोन पोती भात ही त्या परवानगीची दरवर्षीची पावतीच होती. मी चालवलेल्या एका दाव्यात तेवीस वर्षांची वहिवाट, विहीर, पंपाची वीजजोडणी, सोसायटीचे पीककर्ज, सगळे कागद आमच्या बाजूने होते. मालकाच्या वारसांनी ट्रंकेतून काढलेले एक निळे आंतरदेशीय पत्र हजर केले. त्यात आमच्या अशिलाच्या वडिलांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘यंदा पाऊस ओढला, तरी खंड पुढल्या सुगीला दोन्ही सालांचा देतो.’ उलटतपासात अशिलाने अक्षर ओळखले, आणि त्या तेवीस वर्षांतले एकही वर्ष प्रतिकूल ठरले नाही.

भात पाठवणे बंद झाले हेही पुरेसे नाही. खंड थकवणे म्हणजे मालकी नाकारणे नव्हे. परवानगीचा ताबा प्रतिकूल व्हायचा असेल तर ताबेदाराने मालकाला कळेल अशा रीतीने, उघडपणे, ‘ही जमीन तुमची नाही, आमची आहे’ असा पवित्रा घ्यावा लागतो, आणि बारा वर्षांचे घड्याळ त्या दिवशी सुरू होते. मनातल्या मनात मालक झाल्याने काही होत नाही.

याच कारणाने मी २००८ च्या अर्जाकडे लक्ष वेधतो आहे. आपण तो अपयश म्हणून सांगितला आहे. माझ्या मते आपल्या सबंध प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद तोच असू शकतो. वडिलांनी त्या अर्जात ‘आम्ही मालक आहोत, समोरच्यांचा काही संबंध राहिलेला नाही’ असे म्हटले असेल, तर मालकी उघडपणे नाकारल्याची तारीख मिळाली. आणि मालकांनी लेखी हरकत घेतली असल्यामुळे ते त्यांना कळले होते हेही त्यांच्याच सहीने सिद्ध होते. अर्ज फेटाळला गेला याने बिघडत नाही, कारण मालकी ठरवण्याचा अधिकार तहसीलदारांना नाहीच. त्या आदेशाने बारा वर्षांचे घड्याळही थांबत नाही. हरकत, तक्रार, वकिलाची नोटीस, फेरफार यांपैकी कशानेही ते थांबत नाही. ते थांबते ताब्यासाठी दिवाणी दावा दाखल केल्याने किंवा प्रत्यक्ष ताबा परत घेतल्याने.

मग सप्टेंबर २००८ पासून बारा वर्षे सप्टेंबर २०२० मध्ये भरतात. येथे एक हिशेब लोक विसरतात. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. १५ मार्च २०२० रोजी मालकाच्या वारसांची साधारण सहा महिने मुदत शिल्लक होती, ती १ मार्च २०२२ पासून पुढे धरली तर ऑगस्ट किंवा सप्टेंबर २०२२ पर्यंत त्यांना दावा करता आला असता. नोटीस त्यानंतरची आहे आणि दावा अजून दाखल नाही. मालक मधल्या काळात वारले म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही, आणि वडिलांचा काळ आपल्या काळाला जोडता येतो, कारण आपण त्यांचे वारस म्हणून तोच ताबा पुढे चालवला आहे.

परंतु त्या अर्जात दुसरेच काही लिहिलेले असू शकते, आणि आपल्याकडे ते फार वेळा असते. अर्ज लिहून देणारा ‘सदर जमीन अर्जदार कूळ म्हणून कसतात, सबब कुळाचे नाव दाखल व्हावे’ असा ठरलेला मजकूर घालतो. कूळ म्हणणे म्हणजे समोरचा मालक आहे हे मान्य करणे. कूळ आणि प्रतिकूल ताबा हे दोन बचाव एकमेकांना मारक आहेत. कूळ असल्याचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासण्यासारखा आहे, कारण १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो मालकाच्या कुटुंबातला किंवा मजूर नसेल तर, कूळ मानला जातो, आणि खंड म्हणून भात दिल्याचा पुरावा तेथे उपयोगी ठरतो. तो प्रश्न दिवाणी न्यायालय स्वतः ठरवत नाही, कूळ कायद्याखालील अधिकाऱ्याकडे पाठवते. आणि १ एप्रिल १९५७ नंतर लागलेल्या कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क कलम ३२-ओ प्रमाणे वर्षभरात बजावायचा असतो, तो आपण बजावलेला दिसत नाही. तरीही तो मार्ग पूर्ण बंद आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याला निवड करावी लागेल, एवढेच.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. ‘कूळ लागेल’ या भीतीने आपल्याकडचे मालक वाट्याने दिलेल्या जमिनीचा साधा कागदही करत नाहीत. त्याचा परिणाम उलटा होतो. पंचवीस वर्षांनी परवानगी होती हे सांगणारा माणूस हयात नसतो आणि कागद कधी झालेलाच नसतो.

दुसरी एक चूक कैफियतीत होते आणि ती नंतर निस्तरता येत नाही. ‘आम्ही जमीन तोंडी विकत घेतली, ते शाबीत न झाल्यास आम्ही वारस आहोत, तेही न झाल्यास प्रतिकूल ताब्याने मालक आहोत’ असा तिहेरी बचाव घेण्याचा मोह होतो. प्रतिकूल ताबा सांगणाऱ्याला समोरचा खरा मालक होता हे आधी मान्य करावे लागते. त्याच्याच विरुद्ध आपण ताबा ठेवला असे म्हणायचे असते. महाराष्ट्रातील एका जमिनीच्या प्रकरणात प्रतिवादीने आपण मूळ मालकाचा दत्तक मुलगा असल्याचे सांगितले आणि पर्यायाने प्रतिकूल ताबाही सांगितला. दत्तक शाबीत झाले नाही, आणि मालकी कधी मान्यच केली नव्हती म्हणून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसरा बचावही नाकारला.

भावाबहिणींच्या बाबतीत तर हा नियम आणखी कडक आहे. सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्व हिस्सेदारांच्या वतीने असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच पक्के केले. बहीण लग्न होऊन गेली, तीस वर्षे तिने पीक नेले नाही, भावाने एकट्याने शेतसारा भरला, यातून तिचा हिस्सा जात नाही. तिला तिचा हिस्सा नाही असे उघडपणे, तिला कळेल असे सांगून तिला बाहेर ठेवल्याचा पुरावा लागतो. ‘बारा वर्षे झाली, बहिणींचा हक्क गेला’ असा सल्ला देणाऱ्यांनी अनेक घरांचे नुकसान केले आहे.

साठेखतावर ताबा घेतलेल्यांची गतही तशीच. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत होणार असे मान्य करून मिळालेला ताबा, म्हणून तो परवानगीचा. याउलट खरेदी किंवा बक्षीस पूर्णत्वाने झाले असे समजून मालक म्हणून ताबा दिला, आणि दस्त नोंदणी न झाल्यामुळे किंवा अन्य दोषामुळे तो कायद्यात टिकला नाही, तर तो ताबा पहिल्या दिवसापासून प्रतिकूल ठरू शकतो. दिसायला दोन्हीकडे स्टँप पेपरच असतो, पण निकाल वेगळा लागतो. म्हणून जुना कागद मला नेहमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या पंचाच्या सहीपर्यंत वाचावा लागतो.

पुराव्याविषयी. गाव नमुना बारामध्ये जुन्या उताऱ्यांवर ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ आणि ‘रीत’ असे रकाने असत. कागदोपत्री मालकाखेरीज दुसराच कसताना आढळला तर तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात मुंबईत राहणाऱ्या मालकाच्या नावापुढे वर्षानुवर्षे ‘खुद्द’ लिहिलेले मी पाहिले आहे, एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवल्यासारखे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, म्हणून अशा नोंदींविरुद्ध ठोस पुरावा उभा करावा लागेल: शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाची खतावणी, पंपाची वीजबिले, आणि त्यांहूनही लगतच्या शेतकऱ्यांची साक्ष, ज्यांनी बांधावरून पाहिले आहे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा असल्यामुळे पुढील काळातले हे वाद कमी होतील अशी मला आशा आहे. मात्र नोंद कोणाच्याही नावाने असो, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

सरकारी जमिनीविषयी थोडक्यात. तेथे मुदत बारा नसून तीस वर्षांची आहे, अनुच्छेद ११२ प्रमाणे. गायरान, रस्ता, नाला अशा सार्वजनिक उपयोगाच्या जमिनींवर या मार्गाने कोणी हक्क सांगू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या ज्या निकालाचा उल्लेख शेवटी येईल, त्यातही अशा जमिनींबाबत असा हक्क उत्पन्न होऊ नये हीच अपेक्षा न्यायालयाने व्यक्त केली आहे. आदिवासींच्या जमिनी ज्या कायद्यांनी संरक्षित आहेत, तेथेही हा दावा टिकत नाही, हे २००३ सालीच ठरले आहे. उलट बाजूने, सरकारने नागरिकाची जमीन मोबदला न देता घेऊन नंतर प्रतिकूल ताबा सांगणे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कठोर शब्दांत नाकारले. २०२० चे प्रकरण हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध विधवेचे होते. तिची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली होती.

हा कायदा न्याय्य आहे का, असेही आपण विचारले आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो तर्कविसंगत असल्याचे म्हटले आणि फेरविचाराची सूचना केली. विधी आयोगाने २०२३ च्या आपल्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नाही असा निष्कर्ष काढला. इंग्लंडमध्ये २००२ च्या कायद्याने नोंदणीकृत जमिनीच्या मालकाला आधी कळवण्याची आणि त्याला हरकतीची संधी देण्याची सोय केली आहे. तशी सोय आपल्याकडे असावी असे माझे प्रामाणिक मत आहे. जमीन टाकून गेलेला प्रत्येक माणूस बेफिकीर नसतो. पोट भरायला गेलेला असतो. आणि तीस वर्षे ती जमीन राखणारा प्रत्येक माणूस लुबाडणाराही नसतो.

आता आपण काय करावे. नोटिशीला उत्तर देण्याची घाई करू नका, पण ती अनुत्तरितही ठेवू नका. सर्वप्रथम तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून २००८ च्या प्रकरणाची संपूर्ण नक्कल काढा: अर्ज, मालकांची हरकत, जबाब, आणि आदेश. नंतर घरात शांतपणे विचारा की सप्टेंबर २००८ ते सप्टेंबर २०२२ या काळात कोणी मुंबईला भात, पैसे किंवा पत्र पाठवले का, ‘किंमत सांगा, आम्ही घेतो’ असा निरोप दिला का. त्या काळात मालकी मान्य केलेली असेल तर बारा वर्षे तुटतात. मुदत पूर्ण झाल्यानंतर केलेल्या मान्यतेने विझलेला हक्क पुन्हा उभा राहत नाही, तरी न्यायालयात ती आपल्याविरुद्ध वापरली जाईलच.

समोरच्यांनी जोरजबरीने नांगर घातला तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे ताबा परत मागता येतो, आणि स्थिर ताब्यात असलेल्याला मालकानेही कायद्याच्या मार्गानेच काढायचे असते. ते आधीच दावा लावतील तर प्रतिकूल ताबा हा आपला बचाव असेल. २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ताबेदार स्वतःही वादी म्हणून मालकीच्या ठरावाचा दावा करू शकतो असे ठरवल्यामुळे आपण प्रथम न्यायालयात जाणेही शक्य आहे. त्याआधी, अर्जातली भाषा कुळाची निघाली किंवा मधल्या काळातली मान्यता सापडली, तर मुलाशी बोलून योग्य किमतीला रीतसर खरेदीखत करून घेण्याचा विचार मी अग्रक्रमाने करीन.

नक्कल हातात आली की अर्जाचा दुसरा परिच्छेद वाचा. वडिलांनी तेथे स्वतःला ‘मालक’ म्हटले आहे की ‘कूळ’, हे पाहिल्याशिवाय नोटिशीच्या उत्तरातला एकही शब्द लिहू देऊ नका.